मदत हवी आहे: वगळलेलं कलम नंतर लागू झालं का, हे राजपत्रात कसं शोधायचं?

भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(२) (बेदरकार गाडी चालवून मृत्यू घडवणं आणि न कळवता पळून जाणं) आज लागू आहे का, याचा अधिकृत पुरावा हवाय. संहितेला २५ डिसेंबर २०२३ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली, पण कलम १(२) नुसार लागू होण्याची तारीख केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवतं. तीही कलमागणिक वेगळी असू शकते. २३ फेब्रुवारी २०२४ ची अधिसूचना माझ्याकडे आहे: १ जुलै २०२४ पासून सगळं लागू, फक्त १०६(२) वगळून. त्या एका ओळीपाशीच अडलोय.

ई-राजपत्रावर गृह मंत्रालय, असाधारण, भाग २, खंड ३, उपखंड दोन असं महिन्यामहिन्याने चाळतोय. एकेक पीडीएफ उघडावी लागते. बातम्यांची कात्रणं चालणार नाहीत, अर्जाला जोडायचंय.

पुढची अधिसूचना निघालेलीच नसेल, तर ते ‘नसणं’ कोणत्या कागदाने सिद्ध करायचं?