नळाचं पाणी कुंड्यांना डायरेक्ट घालायचं का शिळं करून?

गच्चीवरची_बाग, जळगाव
शेजारच्या काकूंशी कालच यावरून वाजलं, म्हणून सगळ्यांना विचारतेय. माझं मत स्पष्ट आहे, नळाचं ताजं पाणी झाडांना देऊ नये. आमच्याकडे एक दिवसाआड नळ येतो, वाघूर धरणाचं पाणी, आणि पावसाळा लागला की ब्लीचिंग पावडरीचा इतका वास मारतो की तांब्या तोंडाशी नेला तरी कळतं. मी ते बादल्यांमध्ये भरून 24 तास उघडं ठेवते आणि मगच घालते. काकू म्हणतात पाणी ते पाणी, कशाला एवढे नखरे. पण आधी मी पण पाइपनेच द्यायची ना, तेव्हा कढीपत्त्याची नवी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या, मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपल्या. क्लोरीन टाकतातच मुळात जंतू मारायला, मग मातीतले चांगले जिवाणू त्याने वाचतील कसे?

धुळेकर_88
ताई, एक दिवसाआड म्हणजे तुम्ही सुखी. आमच्या गल्लीत आठ-आठ दिवस नळाची वाट पाहिलेली आहे, त्यामुळे टाकी, टिपाड, हंडे, जे असेल ते भरून ठेवायचं. कुंडीत जातं तोवर ते पाणी चार-पाच दिवसांचं झालेलं असतं, त्यात कुठला आलाय क्लोरीन. आपल्या खान्देशात पाणी आपोआपच शिळं होतं, वेगळं करायची गरज नाही.
खरा दुश्मन दुसराच आहे, गच्चीवरची काळी टाकी. मे महिन्यात दुपारी नळ सोडून हात धरून बघा, चटका बसतो. मी एकदा साडेचारला पाइप लावून मिरचीच्या रोपांना पाणी दिलं, पाइपातलं तापलेलं पाणी आधी सोडून द्यायचं लक्षातच आलं नाही, दिवेलागणीला सगळ्या रोपांनी माना टाकलेल्या. घरचे म्हणाले पावडरीचं पाणी बाधलं. पावडर नाही, उकळतं पाणी बाधलं.

गावचा_जलसुरक्षक, चोपडा तालुका
मी रोज गावच्या टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो आणि ओटी टेस्ट करतो, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरला ते तपासतो, म्हणून राहवत नाही. शेवटच्या नळाला लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिला पाहिजे असा नियम आहे, म्हणजे किती थोडा ते बघा. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की पिवळं होतं. तेच पाणी घमेल्यात उन्हात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी तपासलं, रंगच आला नाही. शेणखत कालवून निवळून घेतलेल्या पाण्यातही आला नाही, कारण क्लोरीन शेणखताशीच खर्ची पडतो. कुंडीच्या वरच्या इंचभर मातीत तो संपतो, मुळांपर्यंत पोचतच नाही.
ताई, शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं ही लोह कमी पडल्याची खूण आहे, क्लोरीनची नाही. आपली माती चुनखडीची, त्यात बोअरचं जड पाणी, मग मातीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसतो का ते सांगा. तो असेल तर पाणी 24 तास ठेवा नाहीतर 24 दिवस, क्षार उडून जात नाहीत, पाणी आटलं तर उलट वाढतात.

केळीवाला_रावेर
दादा तुमचं बाकी सगळं पटलं पण सरसकट "काही होत नाही" म्हणू नका. ट्रायकोडर्मा (मातीतली उपयोगी बुरशी) किंवा रायझोबियम (नत्र देणारे जिवाणू) कालवताना नळाचं ताजं पाणी घेतलं तर काय? तिथे तो क्लोरीन खायला शेणबिण काहीच नसतं, सरळ त्या बुरशी-जिवाणूंवरच जातो. दीड-दोनशे रुपयांचं पाकीट अन् ते मेलेलं बियाण्याला चोळायचं? जीवामृताचं वेगळं, 200 लिटरला 10 किलो शेण पडतं, शिवाय गूळ-बेसन, ते निभावून नेईल. तरी मी टिपाड आदल्या रात्रीच भरून ठेवतो. एका रात्रीने आपलं काय जातं?

आरोग्यसेविका, नंदुरबार
काय जातं ते मी सांगते. मी घरोघरी पाणी तपासत फिरते, आणि झाडांसाठी म्हणून ठेवलेल्या उघड्या बादल्यांतच अळ्या वळवळताना सापडतात. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत डास तयार. तुम्ही म्हणाल आम्ही 24 तासच ठेवतो, पण लग्नाला गावी जाता तेव्हा बादली तशीच राहते ना. ठेवायचंच असेल तर तोंडाला जुनी सुती साडी बांधा, हवा लागते, डास जात नाही. आणि आठवड्यातून एकदा भांडं घासून कोरडं करा, नुसतं ओतून दिलं तर कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात. माझ्या भागातली एक नववीतली मुलगी मागच्या पावसाळ्यात पाच दिवस सलाईनवर होती, हे मी बघितलंय, म्हणून कळकळीने सांगतेय.

गच्चीवरची_बाग, जळगाव
साडी आजच बांधली, ताई. आणि जलसुरक्षक दादा, कुंड्या बघून आले, पांढरा थर आहे, नखाने खरवडला तर चुन्यासारखा निघतो. आमच्या बिल्डिंगमध्ये उन्हाळ्यात बोअरचं पाणी त्याच टाकीत सोडतात हे मी कधी धरलंच नव्हतं. म्हणजे कढीपत्त्याचं खापर मी चुकीच्या डोक्यावर फोडलं असेल. त्याची माती बदलते, आणि पावसाच्या पाण्याने कुंडी दोन-तीनदा खालून पाणी निघेपर्यंत धुऊन काढते.
पण वास मारणारं ताजं पाणी कोवळ्या रोपांना द्यायला माझं मन अजून घेत नाही. दोन कुंड्यांत मेथी पेरते, एकीला नळ आल्या आल्या ताजं पाणी, दुसरीला आदल्या फेरीचं साठवलेलं. पंधरा दिवसांनी फोटो टाकते.

धुळेकर_88
टाका नक्की. माती एकाच ढिगातली घ्या, बी मोजून पेरा, दोन्ही कुंड्या एकाच सावलीत, अन् ते बोअरचं पाणी दोघींनाही नको.