प्रत्येक खात्याला स्वतंत्र इमारत हवीच का?

नेरूळकर :
वडिलांच्या पश्चात वारस नोंद करून घेण्यासाठी मला जिल्ह्यातील तीन शासकीय कार्यालयांत मिळून अकरा फेऱ्या माराव्या लागल्या. तिन्ही ठिकाणी मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका आणि आधार यांच्या त्याच प्रती पुन्हा मागितल्या गेल्या. एका नोंदीत वडिलांचे नाव ‘दत्तात्रय’ आणि दुसरीत ‘दत्तात्रेय’ असल्यामुळे काम दीड महिना अडले. या फेऱ्यांमध्ये एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक कार्यालयाचे स्वतंत्र सभागृह होते आणि ते बहुतेक वेळा कुलूपबंद असे, प्रत्येकाचा स्वतंत्र जनरेटर होता, स्वतंत्र अभिलेख कक्ष होता. मात्र आलेल्या माणसांना बसण्यासाठी पुरेशी बाकडी एकाही ठिकाणी नव्हती.

आपल्या बेलापूरच्या कोकण भवनात विभागीय आयुक्तांसह अनेक विभागीय कार्यालये एका आवारात आहेत, त्यामुळे सिंधुदुर्गाहून आलेल्या माणसाला निदान शहरभर हिंडावे लागत नाही. दिल्लीतही विखुरलेली मंत्रालये एकत्र आणण्याच्या योजनेतील पहिली इमारत, कर्तव्य भवन-3, ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झाली. अमेरिकेने तर संघराज्याच्या कार्यालयांसाठी जागा, खरेदी आणि देखभाल पाहणारी एक स्वतंत्र यंत्रणा 1949 सालीच उभी केली. मग ठाणे जिल्ह्यातील कार्यालयांनी सभागृह, अभिलेख कक्ष, चौकशी खिडकी आणि वाहनतळ वाटून घ्यावेत आणि यापुढे कोणत्याही खात्याला स्वतःपुरती इमारत बांधू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवृत्त शाखा अभियंता, ठाणे :
आपला त्रास खरा आहे, पण उपाय अर्धा आहे. मी तीस वर्षे इमारतींच्या देखभालीत काढली आहेत. सामायिक इमारतीत पहिली बंद पडते ती लिफ्ट, कारण तिच्या वार्षिक देखभाल कराराचे पैसे कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातील खर्चाच्या कोणत्या सदरातून, द्यायचे हे ठरलेले नसते. माझ्या पाहण्यातील एका इमारतीत पाच कार्यालये होती. गच्ची गळू लागली तेव्हा वरच्या मजल्यावरच्यांनी पत्रे लिहिली, खालच्यांनी तो आपला विषय नाही असे कळवले, स्थापत्य आणि विद्युत शाखांची अंदाजपत्रके वेगवेगळ्या वेळी मंजूर झाली आणि दोन पावसाळे गेले. लाल फडक्यात बांधलेले कागदपत्रांचे बस्ते मी स्वतः व्हरांड्यात उलगडून वाळत घातलेले पाहिले आहेत. शाई पसरून शेजारच्या पानावर उमटली होती आणि ते कागद पुन्हा वाचता येणार नव्हते.

शिवाय सगळे एका छताखाली आणले की धोकाही एका छताखाली येतो. 21 जून 2012 रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत किती खात्यांच्या फायली एकाच दुपारी गेल्या, हे विसरून चालणार नाही. इमारतीला एक जबाबदार व्यवस्थापक, वापरलेल्या क्षेत्रफळानुसार प्रत्येक खात्याची सक्तीची वर्गणी आणि मजलानिहाय वीजमीटर या तीन गोष्टींचा शासन निर्णय आधी निघावा. तोवर माझा या प्रस्तावाला विरोध राहील.

शहापूरची वाचक :
आम्हाला आसनगावहून लोकल पकडून ठाण्याला जावे लागते, तेव्हा तिथे एक भव्य संकुल झाले म्हणून आमची रजा वाचत नाही. चर्चा इमारतीची सुरू आहे, अडचण मात्र कागदाची आहे. नेरूळकरांचे काम ‘य’ आणि ‘ये’ यांच्यावर अडले. ती तिन्ही कार्यालये एकाच मजल्यावर असती तरी ते अडलेच असते. सेवा हमी कायदा 2015 पासून लागू आहे, ‘आपले सरकार’ पोर्टलवर अर्ज घरबसल्या भरता येतो, परंतु एका खात्याने तपासलेला दाखला दुसऱ्या खात्याने तसाच मान्य करावा ही सवय अजून रुजलेली नाही.

मी एका कार्यालयात संगणकावर टंकलेखनाचे काम केले आहे. आमच्याकडून जुन्या फॉन्टमध्ये गेलेले पत्र दुसरीकडे उघडले की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसे, मग तेच पत्र छापून, शिपायाच्या हाती देऊन, तिकडे पुन्हा टाइप होई. कोणत्याही संगणकावर अक्षरे तशीच दिसावीत यासाठीचे युनिकोड हे मानक केंद्राने ई-प्रशासनासाठी 2009 मध्येच ठरवले होते. मानक असूनही ते पाळले गेले नाही याची किंमत माझ्यासारख्यांच्या बोटांनी मोजली आहे. गावाचा संकेतांक, नावाचे लेखन आणि दाखल्याचा नमुना सर्व खात्यांत एक करा. एवढे झाले तर निम्म्या लोकांना कोणत्याही इमारतीत यावेच लागणार नाही आणि लहान इमारतही पुरेल.

वाशीतील वास्तुरचनाकार :
नवी इमारत बांधायचीच असेल तर एक विनंती आहे. दमट हवेच्या आपल्या पट्ट्यात पश्चिमेला काचेची भिंत उभारायची आणि मग दिवसभर पडदे ओढून दिवे आणि वातानुकूलन चालू ठेवायचे, हा प्रकार सार्वजनिक पैशातून तरी होऊ नये. खोल छज्जे, समोरासमोर खिडक्या आणि जिन्यात उजेड एवढ्यानेही बराच फरक पडतो. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता 2007 मध्ये आली आणि 2017 मध्ये सुधारली गेली. 100 किलोवॉट किंवा त्याहून अधिक जोडभाराच्या, म्हणजे जोडलेल्या सर्व विद्युत उपकरणांच्या एकूण भाराच्या, इमारतींचा ती विचार करते. म्हणजे नेरूळकरांच्या रिकाम्या सभागृहांसारख्या लहान, विखुरलेल्या जागा तिच्या कक्षेबाहेर राहतात, आणि एकत्रीकरणाच्या बाजूने हा मला सर्वांत भक्कम मुद्दा वाटतो. मात्र जुनी इमारत धड असेल तर ती पाडू नका. तिच्यात ओतलेले सिमेंट आणि लोखंड पाडकामाने परत मिळत नाही.

नेरूळकर :
शहापूरच्या ताईंचा मुद्दा मला मान्य करावा लागतो. क्रम मी उलटा लावला होता. कागद आधी, भिंती नंतर. तरीही अभियंतासाहेबांशी माझा मतभेद कायम आहे. जबाबदारी ठरलेली नाही म्हणून एकत्र येऊ नये असे म्हटले, तर स्वतंत्र इमारतींच्या गळक्या गच्च्यांचे काय? तिथे तर मालक ठरलेला असतो. चर्चा अंदाजावर राहू नये म्हणून मी माहितीच्या अधिकारात चार कार्यालयांची वर्षभराची वीजबिले, चटईक्षेत्र आणि सभागृह वापराची नोंदवही मागणार आहे.

निवृत्त शाखा अभियंता, ठाणे :
गळक्या गच्चीबद्दलचा आपला प्रश्न रास्त आहे. अर्जात मंजूर वीजभार आणि बिल कोणत्या लेखाशीर्षातून भरले हेही विचारा. मंजूर भार प्रत्यक्ष वापरापेक्षा किती जास्त घेतला आहे, हे त्यावरूनच कळेल, आणि चौघांनी मिळून एक जोडणी घेतली असती तर काय वाचले असते, तो हिशेब मी करून देतो.