तबल्यावर कातडं असतं की चामडं?

प्रश्न

वाद्यांच्या एका छोट्या प्रदर्शनासाठी मराठी फलक लिहून देतेय. तबल्याच्या फलकावर मी ‘बकऱ्याचे चामडे’ लिहिलं. मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून ‘कातडे’ केलं. मग आयोजकांपैकी एकाने तेही खोडून ‘चर्म’ केलं, का तर ‘कातडे’ ऐकायला बरं वाटत नाही. आता कागदावर तीन शब्द आणि तीन रंगांच्या शाया आहेत. कोश उघडला तर कातडे म्हणजे चामडे आणि चामडे म्हणजे कातडे. खरंच काही फरक आहे का? शिवाय ढोलाचं ‘पान’ आणि तबल्याची ‘पुडी’, म्हणजे ज्यावर वाजवतात तो भाग, हे शब्द फलकावर चालतील, की फार बोलीतले वाटतील?

सोलापूरचा वाचक

तपासणाऱ्या बाई बरोबर आहेत. फरक कमावण्याचा आहे.

जनावराच्या अंगावरून निघालं ते कातडं. ते बाभळीची साल, हिरडा, तरवडाची साल असल्या तुरट पाण्यात मुरवून मऊ आणि टिकाऊ केलं, म्हणजे कमावलं, की चामडं. पायताण, पट्टा, मोट ही सगळी चामड्याची. वाद्यावरचं कातडं कमावत नाहीत. चुन्याच्या पाण्यात भिजवून केस सोडवायचे, आतली चरबी-मांस खरवडायचं आणि ताणून वाळवायचं, एवढंच. वाळताना ते आवळतं, आणि तो ताण राहतो म्हणून वाजतं. कमावलेलं चामडं तबल्यावर चढवलंत तर थाप मारल्यावर उशीवर मारल्यासारखा आवाज येईल.

बोलण्यातही आपण हे पाळतो, फक्त लक्षात येत नाही. ‘माझ्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायात घातले तरी उपकार फिटणार नाहीत’ असंच म्हणतो. त्यात चामडं शब्द येत नाही, कारण ते अजून माझ्या अंगावर आहे. गेंड्याची असते ती कातडी, आणि पाकीट चामड्याचं.

तबला शिकवणारी, ठाणे

वरचं पटलं, पण एक अडचण सांगते. तबला दुरुस्त करणाऱ्यांकडे वीस वर्षं जातेय, आणि तिथे सगळे सर्रास ‘चामडं’च म्हणतात. ‘चामडं चांगलं आलंय या खेपेला’, ‘चामडं पातळ आहे, शाई धरणार नाही’ (शाई म्हणजे पुडीवरचा काळा थर). त्यांना कोणी कातडं म्हणायला सांगितलं तर ते हसतील. कारागिरांची बोली एक आणि फलकाची भाषा एक, असं समजून फलकावर कातडं लिहा. कारागीर चुकतात असं मात्र लिहू नका.

चामडं कसं निवडतात ते जवळून पाहिलंय. ओलं कातडं दिव्यासमोर धरतात. सोलताना सुरी लागलेली जागा, गोचिडीने केलेलं भोक, चरबी राहिलेला पिवळट डाग, सगळं उजेडात दिसतं. मधोमध पाठीच्या कण्याची जाड रेघ असते. तिच्या दोन्ही बाजूंना जाडी सारखी असेल तरच ते पुढे जातं. एकदा मी एक पांढरंशुभ्र, देखणं कातडं दाखवून ‘हे घ्या ना’ म्हटलं. त्यांनी चिमटीत धरून दोन टोकं चाचपायला लावली. एक टोक पापडासारखं, दुसरं पोळीसारखं. ‘हे सुरात चारी बाजूंनी लागणार नाही ताई,’ म्हणाले आणि बाजूला टाकलं.

तबल्याला बकऱ्याचंच, कारण ते पातळ आणि चिवट. पुडी कडेच्या विणलेल्या गजऱ्यातून ओढून धरणारी वादी मात्र जाड कातड्याची लागते, बहुधा म्हशीच्या. म्हणजे एकाच तबल्यावर दोन जनावरं.

पुडी शब्द बिनधास्त लिहा. पुडीत मिरची-मसाला बांधतात आणि तबल्याचं तोंडही बांधतात, वाचक गोंधळणार नाही. पुडीच्या आत परत कडेची चाट, मग मोकळी जागा ती लव (काही जण मैदान म्हणतात) आणि शाई. शाई म्हणजे लोखंडाचा चुरा आणि भाताची खळ, थरावर थर देऊन दगडाने घोटलेली. फलकावर ‘काळा ठिपका’ लिहिलेलं मी पाहिलंय, तेवढं टाळा.

संस्कृत शिकवणारा

‘चर्म’ काढा. ‘चर्मवाद्य’ हा समास चालतो, पण ‘बकऱ्याचे चर्म’ म्हणजे सरकारी निविदा वाटते. जुना शब्द हवाच असेल तर अवनद्ध वाद्य. नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार प्रकार आहेत: तत, अवनद्ध, घन, सुषिर. अवनद्ध म्हणजे ज्याचं तोंड बांधलेलं आहे ते. धातू नह्, बांधणे. त्याच धातूचा उपानह्, आणि उपानहाची मराठीत झाली वहाण. अवनद्ध आणि वहाण हे शब्द सख्खे नसले तरी चुलत भाऊ. आयोजकांना हे नक्की सांगा, ज्यांना कातडे शब्दाचा विटाळ वाटतो त्यांना विशेष.

मृदंगासाठी कातडं कसं नको तेही नाट्यशास्त्रात सांगितलंय: जुनं, फाटलेलं, कावळ्यांनी टोचलेलं, चरबी राहिलेलं, धुराने किंवा आगीने बिघडलेलं. ठाण्याच्या ताईंनी दिव्यासमोर पाहिलेली यादी आणि ही यादी जवळपास एकच आहे. फक्त कावळे कमी झालेत.

‘पान’ शब्दाबद्दल एक गंमत. त्याच ग्रंथात कथा आहे की स्वाती मुनी पाणी आणायला तळ्यावर गेले, पाऊस आला, आणि कमळाच्या लहान, मध्यम, मोठ्या पानांवर थेंबांचे निरनिराळे आवाज त्यांनी ऐकले. त्यावरून त्यांनी वाद्यं घडवली, त्यांना पुष्कर म्हणतात, पुष्कर म्हणजे कमळ. आज पुण्यातलं पोर ‘ढोलाचं पान फाटलं’ म्हणतं तेव्हा त्याच्या डोक्यात कमळ नसतं, आणि ‘पान’ त्या कथेतून आलं असं मी अजिबात म्हणत नाही. पातळ आणि पसरट कशालाही आपण पान म्हणतोच. तरी योग छान आहे.

मडगावहून

आमच्या घुमटाचा विषय कोणीच काढला नाही. मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं, दुसरं तोंड उघडं. ते पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, त्यामुळे आता बकऱ्याचं वापरतात. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली, ती घोरपड वगळूनच. जुने वाजवणारे म्हणतात ‘तो नाद आता नाही’. असेल. घोरपडीचं कातडं फार पातळ आणि ताठ, त्याची टणक किणकिण बकऱ्यात उतरत नाही. पण मडक्याची घूम तीच राहते, आणि आरतीला मला तीच पुरते.

इथे क्रियापद बघा: घुमट ‘मढवतात’. सोनं मढवतात तसंच. ‘कातडं लावलं’ असं कोणी लिहू नये, ते पंक्चरचं ठिगळ वाटतं.

ढोलपथकातला एक

पान लिहा हो. आमच्याकडे दुसरा शब्दच नाही. ‘पान बदललं’, ‘पान ताण’. हल्ली बरीच पानं फायबरची असतात, भाद्रपदात पाऊस लागला की कातड्याचं पान सैल पडतं, मिरवणूक अर्ध्यात असताना काय करणार. म्हणून पान म्हणजे कातडं असं समजू नका, ते जागेचं नाव आहे, मालाचं नाही. काही हलगीवाले अजून कातडंच ठेवतात आणि वाजवायच्या आधी शेकतात. शेकलेली हलगी कडाडते.

सोलापूरचा वाचक

हे पटलं. मीही माझ्या उत्तरात थोडी भर घालतो. पुडी आणि पान ही जागेची नावं, कातडं हे मालाचं. फलकावर दोन्ही येऊ द्या.

कमावणे या शब्दाचं एक राहिलं. गवयाचा आवाज ‘कमावलेला’ असतो. साथीला बसलेल्या तबल्याचं कातडं मात्र बिनकमावलेलं. मैफलीत दोघं शेजारी बसतात.

आणि हे सगळे शब्द ज्यांच्या तोंडचे, ते ढोर, चांभार, मातंग. कातडं सोलणारे, कमावणारे, हलगी वाजवणारे. कोशकारांनी त्यांना विचारलं असतं तर कातडं आणि चामडं एकमेकांच्या गळ्यात पडले नसते.

प्रश्नकर्ती

आभार सगळ्यांचे. आयोजकांना वहाणेची व्युत्पत्ती सांगितली. ते थोडा वेळ गप्प बसले आणि ‘कातडे ठेवा’ म्हणाले. आता मजकूर असा आहे:

‘तबला. अवनद्ध वाद्य. पुडी बकऱ्याच्या न कमावलेल्या कातड्याची. वादी जाड कातड्याची. मधली शाई लोहचूर्ण व भाताची खळ यांची.’

‘घुमट. मातीचे भांडे, एक तोंड कातड्याने मढवलेले. पूर्वी घोरपडीचे, आता बकऱ्याचे.’

‘ढोल. दोन पाने.’

एकच शंका उरली. पखवाजाच्या डाव्या तोंडावर शाई नसते, वाजवण्याआधी ओली कणीक थापतात. फलकावर ‘कणीक’ लिहू की ‘पिठाचा लेप’?

तबला शिकवणारी, ठाणे

कणीक. लेप औषधाचा असतो.