ठाण्यात छोटी हॅचबॅक सोडून मोठी गाडी कशाला घ्यायची?

घोडबंदरकर
गाडी जरा जुनी झाली की ओळखीतले सगळे सुरू होतात, "आता मोठी घ्या की राव." मला हे पटत नाही, म्हणून धागा काढतोय.

घर मानपाड्याला, नोकरी ऐरोलीत. १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल. कापूरबावडी, माजिवडा, कळवा पूल, विटावा हा रोजचा रस्ता. यात तिसरा गिअर टिकला तर नशीब समजायचं. शंभर-सव्वाशे बीएचपीची ताकद घेऊन करू काय? डावीकडे कंटेनर, उजवीकडे रिक्षा, मध्ये मेट्रोच्या कामाचे पत्रे. तिथे कामाला येते गाडीची लांबी आणि ती किती जागेत वळते ते. स्विफ्ट, वॅगनआर यांची वळणत्रिज्या पावणेपाच मीटरच्या आसपास आहे. नौपाड्याच्या गल्लीत समोरून टेम्पो आला की या आकड्याची किंमत कळते.

पार्किंगचं तर बोलूच नका. आमच्याकडे स्टॅक पार्किंग, म्हणजे एकावर एक गाड्या ठेवायच्या. ज्या फळीवर गाडी चढते त्या पॅलेटवर उंचीची मर्यादा १५५० मि.मी. स्विफ्ट १५२० मि.मी. उंच, ती बसते. शेजाऱ्यांनी हौसेने एसयूव्ही आणली, ती आता सर्व्हिस रोडवर झाडाखाली, कावळ्यांच्या ताब्यात.

वागळे_इस्टेट
असहमत. उंचीचं ठीक, पण लांबीचा मुद्दा कुठून आणलात? २०२१ साली आलेली टाटाची छोटी एसयूव्ही पंच ३८२७ मि.मी. लांब, २०२४ ची स्विफ्ट ३८६०. म्हणजे तुम्ही जिला मोठी म्हणून हिणवताय ती आखूड निघाली! फरक आहे तो जमिनीपासूनच्या अंतरात, पंचचं १८७ मि.मी., स्विफ्टचं १६३. कागदावर जेमतेम दोन बोटं वाटतात. ऑगस्टमध्ये चार माणसं बसवून घोडबंदर रोडच्या सर्व्हिस रोडवरून जा, मग बोलू.

घोडबंदरकर
पंच म्हणजे उंच टाचांच्या चपला घातलेली हॅचबॅक. ती तुम्ही माझ्याच बाजूने मांडलीत, आभारी आहे.

वागळे_इस्टेट
वा! म्हणजे पटलं की ती हॅचबॅक, नाही पटलं की एसयूव्ही. आणि तुमच्या पॅलेटवर ती चढणार आहे का? उंची १६१५ आहे तिची.

मृणाल_कळवा
तुमच्या मिलिमीटरमध्ये माणसं कुठे आहेत? माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. बुटक्या हॅचबॅकमध्ये त्यांना अक्षरशः खाली बसावं लागतं आणि उतरताना हात देऊन ओढावं लागतं. वॅगनआरमध्ये त्या आपल्या आपण बसतात. तीही हॅचबॅकच, पण १६७५ मि.मी. उंच, म्हणजे घोडबंदरकरांच्या पॅलेटवर तिलाही मज्जाव! तेव्हा सरसकट "हॅचबॅकच बरी" म्हणू नका.

शिवाय मॅन्युअलचा अभिमान जरा आवरा. कळव्याच्या जॅममध्ये डावा पाय कामातून जातो. मी क्लचचं पेडल नसलेली एएमटी घेतली आणि सुटले.

घोडबंदरकर
सासूबाईंच्या मुद्द्यावर गप्प बसतो. एएमटीवर नाही. आत गिअरबॉक्स तोच मॅन्युअलचा, फक्त क्लच आणि गिअर तुमच्या जागी यंत्र चालवतं. म्हणून गिअर बदलताना मान हलते. पैसे जास्त देऊन हिसके कशाला?

मृणाल_कळवा
हिसका बसतो तो पाय दाबून धरणाऱ्यांना. गिअर पडतोय असं वाटलं की ॲक्सिलरेटर जरा सैल करायचा. एक गोष्ट मात्र नव्याने घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा: पुलाच्या चढावर थांबलात तर गाडी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवू नका, क्लच जळतो. ब्रेक दाबा किंवा हँडब्रेक ओढा. शोरूमवाले हे सांगत नाहीत, नंतर बिल मात्र देतात.

पामबीच_प्रवासी
ठाणेकरांचं जग माजिवड्याला संपतं का? आम्हा नवी मुंबईकरांना पाम बीच आहे, सायन-पनवेल आहे, अटल सेतू आहे. सेतूवर १०० ची मर्यादा, भर समुद्रावर साडेसोळा किलोमीटर. पावसाळी वाऱ्यात हलकी हॅचबॅक कशी वाटते ते एकदा अनुभवा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागतं. छोटी गाडी मीही चालवली आहे, शहरात झकास. पण नेरूळहून रोज दक्षिण मुंबई गाठायची तर वजनदार गाडीच हवी.

खारघरचे_तात्या
पोरांनो, खर्चाचं कोणीच बोलत नाही. खर्च वाचावा म्हणून मी सीएनजी हॅचबॅक चालवतो. पंपावरच्या रांगेत पेपर वाचून होतो, ती वेगळी गोष्ट.

तोटेही सांगतो. नव्या स्विफ्टची ताकद पेट्रोलवर ८२ पीएस, सीएनजीवर ७० च्या आसपास. गणपतीला पाच माणसं आणि एसी घेऊन गावी निघालं की घाटात फरक जाणवतो. कशेडीला बोगदा झाल्यापासून तिथली दगदग वाचली, पण घाट काय तो एकच आहे का? चढ आला की मी सरळ पेट्रोलवर टाकतो. दुसरं म्हणजे डिकी. स्विफ्टची आधीच २६५ लिटरची, त्यात नळकांडं बसलं की मखराचं सामान मांडीवर. टाटाने दोन छोट्या टाक्या खाली लपवून बरी सोय केली आहे, तरी पूर्ण डिकी मिळत नाहीच.

वागळे_इस्टेट
तात्या, हेच म्हणतोय मी. वर्षातून दोनदा का होईना, गाडी कुटुंबासाठी लागते.

घोडबंदरकर
मग त्या दोन वेळा भाड्याने इनोव्हा घ्या! उरलेलं वर्षभर दीड टन लोखंड विटाव्याला कशाला ढकलायचं? करही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटर आणि १२०० सीसीच्या आतल्या पेट्रोल गाड्यांना १८ टक्के जीएसटी, आधी सेस धरून २९ होता. मारुतीची एसयूव्ही ब्रेझा चार मीटरच्या आत, पण इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ४० टक्के.

वागळे_इस्टेट
टाटाची एसयूव्ही नेक्सॉन, तिचं पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत आहे. तिलाही १८. आता?

पामबीच_प्रवासी
विटाव्याचं नाव निघालंच आहे म्हणून सांगतो. रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की उंच गाडीवालेही बिनधास्त घुसतात आणि अडकतात. पाणी इंजिनात गेलं तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, गाडी कोणतीही असो. पिस्टन पाणी दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे सहसा धरत नाहीत, इंजिनाचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं.

ढोकाळी_नवा
सगळं वाचलं, गोंधळ वाढला. माझं ओपन पार्किंग, घरी आई-बाबा, गाव संगमेश्वर. बजेट रस्त्यावर येईपर्यंत दहा लाख. काय घेऊ?

वागळे_इस्टेट
पंच.

घोडबंदरकर
हॅचबॅक, पेट्रोल, मॅन्युअल. सीएनजी नको, सामान कुठे ठेवाल?

मृणाल_कळवा
या दोघांना विचारू नका. आई-बाबांना शोरूममध्ये न्या, मागच्या सीटवर दोन-चारदा बसवा-उतरवा आणि आईंना विचारा.