स्क्रिप्टने टर्मिनलची शीर्षकपट्टी काढली, पण नंतर उघडलेल्या खिडक्यांवर परिणाम होत नाही

प्रश्न:
मी एक्स११ या खिडक्या दाखवणाऱ्या प्रणालीच्या सत्रात एक्सएफसीई हा डेस्कटॉप वापरतो. लॉगिन होताच चालणाऱ्या एका शेल स्क्रिप्टमधून एक्सप्रॉप या खिडकीचे गुणधर्म दाखवणाऱ्या-बदलणाऱ्या आदेशाद्वारे टर्मिनलच्या मोटिफ हिंट्सची (खिडकीची सजावट ठरवणाऱ्या गुणधर्माची) किंमत २, ०, ०, ०, ० अशी केली, की त्याची शीर्षकपट्टी नाहीशी होते. मात्र ही स्क्रिप्ट त्या क्षणी उघड्या असलेल्या खिडक्यांपुरतीच लागू पडते. दर सेकंदाला सर्व खिडक्या तपासणारे लूप चालते, पण ते पटत नाही. शिवाय टर्मिनल थोडे पारदर्शकही हवे आहे.

उत्तर १:
लूप न पटणे योग्यच आहे, कारण नवी खिडकी उघडल्याची सूचना एक्स सर्व्हर स्वतःच देतो. ती ऐकणारा कार्यक्रम हवा. डेव्हिलस्पाय२ हेच काम करतो: होम फोल्डरमधील कॉन्फिग निर्देशिकेत त्याच्या नावाचे फोल्डर करून त्यात लुआ भाषेतील फाइल ठेवली, की प्रत्येक नव्या खिडकीसाठी ती चालते. कोणत्या खिडकीची पट्टी काढायची याची अट खिडकीच्या शीर्षकावर घालू नये, कारण टर्मिनलचे शीर्षक निर्देशिकेनुसार बदलत राहते. एक्सप्रॉप चालवून खिडकीवर क्लिक केल्यावर दिसणारे क्लासचे नाव (खिडकी कोणत्या प्रोग्रामची हे सांगणारे) स्थिर असते. पारदर्शकतेसाठी मात्र स्क्रिप्ट नको. संपूर्ण खिडकीची अपारदर्शकता कमी केली, तर पार्श्वभूमीबरोबर अक्षरेही फिकी पडतात आणि वाचणे त्रासाचे होते. टर्मिनलच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये केवळ पार्श्वभूमी पारदर्शक करता येते. त्यासाठी कंपोझिटर, म्हणजे सर्व खिडक्या एकत्र करून पडद्यावर दाखवणारा भाग, चालू असावा.

उत्तर २:
वरील उपाय एक्स११ पुरताच आहे. वेलँड या एक्स११ च्या जागी आलेल्या नव्या प्रणालीत एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या खिडकीत हात घालता येत नाही, आणि माझ्या मते ते बरेच आहे. तेथे नियम कंपोझिटरलाच सांगावे लागतात: केडीई या डेस्कटॉपमध्ये केविन या त्याच्या कंपोझिटरचे खिडकी-नियम आहेत, तर स्वे या दुसऱ्या कंपोझिटरमध्ये कॉन्फिग फाइलमधील एका ओळीने काम होते. याशिवाय, जीटीके या साधनसंचाने बनवलेल्या ज्या अॅप्समध्ये बंद करण्याचे बटण आणि मेनू एकाच पट्टीत असतात, ती पट्टी अॅपने स्वतः काढलेली असल्यामुळे या स्क्रिप्टने जाणार नाही.

प्रश्नकर्ता:
क्लासच्या नावावर अट घातल्यावर टर्मिनल अपेक्षेप्रमाणे उघडते. फक्त त्याच्या प्राधान्यांच्या लहान खिडकीचीही पट्टी गेली आहे, आणि आता ती हलवावी कशी हे कळत नाही.

उत्तर १:
त्या खिडकीचा क्लास तोच असल्याने अट तिलाही लागू होते. खिडकीचा प्रकार 'नॉर्मल' असेल तरच पट्टी काढावी, अशी दुसरी अट जोडा. संवादखिडक्यांचा प्रकार वेगळा असल्याने त्या वगळल्या जातील. पट्टी नसलेली खिडकी ऑल्ट दाबून माऊसच्या डाव्या बटणाने ओढता येते आणि उजव्या बटणाने तिचा आकार बदलता येतो.