दुखण्यात खाडे पडले म्हणून पीएल का कापायची?

लोटेवाला
आमच्या लोटे-परशुरामच्या कंपनीत शेजारच्या मशीनवरच्या ऑपरेटरला गेल्या वर्षी टीबी निघाला. डॉक्टरांचा दाखला, सिव्हिलची औषधं, सगळं रीतसर झालं. नोकरीला धक्का लागला नाही, ते मान्य. पण जानेवारीत पीएलचा, म्हणजे वर्षाच्या भरपगारी रजेचा, तक्ता लागला तेव्हा त्याच्या नावापुढे दरवर्षीच्या पंधराऐवजी अकरा. ऑफिस म्हणालं, वीस दिवस कामाला एक रजा, तुमची हजेरी २२० भरली.

हिशेब कायद्याला धरूनच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगारांच्या सुरक्षा-आरोग्य संहितेत वर्षाला १८० दिवस भरले की वीसला एक रजा मिळते. १९४८ च्या कारखाने कायद्यात एके काळी ही अट २४० दिवसांची होती, म्हणजे त्या मापाने त्याला शून्य. पण १८० मोजताना ले-ऑफ (काम नाही म्हणून मालकाने बसवून ठेवलेले दिवस), बाळंतपणाची रजा आणि घेतलेली वार्षिक रजा धरतात. आजारपण त्या यादीतच नाही. आणखी महिनाभर अंथरुणाला खिळला असता तर ११ कुठल्या, किती उरल्या असत्या? नुकत्या दुखण्यातून उठलेल्यालाच तपासणीसाठी, अशक्तपणासाठी रजा जास्त लागते.

काजूवाला, वेंगुर्ले
मला पटत नाही. पीएल ही केलेल्या कामाची रजा आहे. आजारी माणसाला काढू नये, त्याच्यावर उपचार व्हावेत, हे शंभर टक्के. जिथे ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू आहे तिथे ७० टक्के दराने वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पैसे मिळतात, आणि त्या काळात कामावरून काढताही येत नाही. संरक्षण म्हणतात ते हे. त्यावर न केलेल्या कामाची पीएल कशी द्यायची? माझ्या कारखान्यात मार्च ते मे काजूची बी येत असते. दोन बायका घरी राहिल्या तर सोलणी थांबत नाही, बाकीच्यांना दुप्पट दराने ओव्हरटाइम द्यावा लागतो.

आणि बाळंतपणाचे दिवस कायदा फक्त पात्रतेसाठी धरतो, त्या दिवसांची रजा साठत नाही. २६ आठवडे म्हणजे १५६ कामाचे दिवस. तीनशेतून ते गेले की उरतात १४४, रजा सात. बाळंतिणीलाही जे नाही, ते तापाला कशाला?

मिर्‍याची
भाऊ, बाळंतिणीला सात मिळतात हेच तर दुखणं आहे, आणि तुम्ही ते दाखला म्हणून पुढे करता! मी मच्छीच्या कंपनीत पॅकिंगला आहे. कामावर परतल्यावर बाळाची लस, बाळाचा ताप, सासूबाईंचं दुखणं, सगळं त्या सातातच बसवायचं. गौरी-गणपतीला सुट्टी मागितली तर सुपरवायझर मस्टर उघडून बोट दाखवतो. एकीवर अन्याय झाला म्हणून दुसऱ्यावरही करा, हे कुठलं माप?

रत्नागिरीचा कारकून
आम्हा सरकारी लोकांचं वेगळं आहे. १९८१ च्या रजा नियमांनुसार १ जानेवारीला आणि १ जुलैला पंधरा-पंधरा दिवस अर्जित रजा आगाऊ जमा होते. वैद्यकीय दाखल्यावर परिवर्तित रजा (अर्ध्या पगाराच्या दोन रजा मोडून घेतलेली एक भरपगारी) घेतली तर ती अर्धवेतनी खात्यातून जाते, अर्जितला हात लागत नाही. असाधारण, म्हणजे बिनपगारी, रजा काढली तरच तिच्या एक दशांश इतकी पुढच्या जमेतून कपात होते. म्हणजे आजारपण आणि अर्जित रजा वेगळी ठेवता येते, ते आधीच करून दाखवलेलं आहे.

काजूवाला, वेंगुर्ले
सरकारचा पगार तिजोरीतून जातो, माझ्या कामगारांचा बँकेच्या सीसीतून, म्हणजे कर्जखात्यातून. मिर्‍याच्या ताईंचं म्हणणं मात्र मी नाकारत नाही. बाळंतपणाचे दिवस साठले पाहिजेत असं म्हणाल तर माझा विरोध नाही, तो खर्च आधी कळतो, त्याची तजवीज करता येते. तापाचं तसं नाही, आणि दाखला देणारे डॉक्टरही सगळेच सारखे नसतात.

लोटेवाला
खोट्या दाखल्यांची भीती खरी आहे. म्हणून आम्ही युनियनच्या मागणीपत्रात ताप-खोकला ठेवलेलाच नाही. फक्त दवाखान्यात दाखल झालेले दिवस आणि टीबी, कॅन्सर, ऑपरेशन यांसारखी दुखणी. दाखला सरकारी रुग्णालयाचा, आणि वर्षाला ६० दिवसांपर्यंत ते हजेरीत धरायचे. कायदा देतो त्याहून जास्त द्यायला करारात कुणाचीच आडकाठी नसते. व्यवस्थापन ३० वर आलं तरी बोलणी थांबवायची नाहीत, असं आमचं ठरलंय. तुमच्याकडच्या बायकांनी हेच कलम आणलं तर तुम्ही किती दिवस लिहाल?

काजूवाला, वेंगुर्ले
सरकारी दाखला असेल तर पंधरा. हंगाम सोडून तीस.