बढतीच्या यादीनंतर विभागातल्या माणसांचं मन उडालंय, काय करू?

विभागप्रमुख: मी नऊ वर्षं महाविद्यालयात विभाग सांभाळते. निकालाच्या आठवड्यात आमचे सहाही जण आपणहून रात्री आठपर्यंत थांबायचे. आता पाच वाजले की खुर्च्या रिकाम्या. पगार तोच, काम तेवढंच. मध्ये एकच झालं: बढतीची यादी फलकावर लागली. कुणाची का झाली, कुणाची का राहिली, एका शब्दानं कुणी सांगितलं नाही. एवढ्यानं जीव तुटतो का? मला ही माणसं गमवायची नाहीत.

परीक्षा विभाग: तुटतो, ताई. माझीही बढती एकदा हुकली होती. पण साहेबांनी समोर बसवून निकष दाखवले, मी कुठे कमी पडलो ते सांगितलं. चार दिवस जेवण गोड लागलं नाही, तरी गुणपत्रिका मी पूर्वीसारख्याच दोनदा तपासत राहिलो.

संशोधक: मेयर आणि अ‍ॅलन या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये माणसाच्या संस्थेशी असलेल्या बांधिलकीचे तीन प्रकार मांडले: इथे राहावंसं वाटतं, राहिलंच पाहिजे असं वाटतं, आणि सोडणं परवडत नाही. तुमच्याकडे कुणी राजीनामा दिला नाही, त्यामुळे वरून सगळं ठीक दिसतं. पण पहिला धागा सुटून माणूस नुसत्या तिसऱ्यावर टिकला, तर हजेरी पूर्ण भरते आणि काम नेमून दिलं तेवढंच होतं. शिक्षकांचं आणखी एक. काहींची निष्ठा संस्थेपेक्षा विषयावर जास्त असते. समाजशास्त्रज्ञ गोल्डनर यांनी 1957 मध्येच हा फरक दाखवला होता. अशा शिक्षकाचा संशोधनाचा वेळ समित्यांनी खाल्ला, की तो मनानं आधीच बाहेर पडलेला असतो.

तासिका तत्त्वावर: आम्हाला तर पुढच्या सत्रात तास आहेत की नाहीत, हे सत्र सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात कळतं. शिकवायला मनापासून आवडतं. पण दोन वर्षांनी घ्यायचा नवा अभ्यासक्रम आजच रचायला बसावं, तर कुणाच्या भरवशावर?

विभागप्रमुख: हे शेवटचं वाचून थांबले. आमच्याकडेही असे दोघं आहेत आणि सहा जणांत मी त्यांना मोजलंच नव्हतं. बढती माझ्या हातात नाही, पण निकष लेखी मागवणं आहे. पत्र आज देते. या दोघांचे पुढच्या सत्राचे तास महिनाभर आधी ठरवता येतील. सोमवारी एकेकाशी दार लावून बोलणार आहे. सुरुवात कुणापासून करू? जिचं नाव यादीत आलं नाही, तिच्यापासून?

परीक्षा विभाग: हो, तिच्यापासूनच. आणि निकषांचा कागद तोवर आला नसेल, तर तसं स्पष्ट सांगा.